पब्लिक हेल्थचे शिक्षण : वस्तीतील मुलामुलींनी ते का घ्यावे, कसे घ्यावे



निकालाचे दिवस आले की वस्तीत आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला जुना आहे : ‘ताई, एमबीबीएसला नंबर लागला नाही, आता मेडिकलमध्ये पोरीला काय उरले?’ दुसरा अलीकडचा आहे : ‘परदेशात पब्लिक हेल्थ नावाचा कोर्स असतो म्हणे. तो केला की डॉक्टर होतात का?’ या वेळच्या आरोग्य पानावर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत. त्यात पहिल्याचेही थोडे उत्तर मिळेल.

सरळ सांगायचे तर, पब्लिक हेल्थ म्हणजे सार्वजनिक आरोग्य शिकून डॉक्टर होता येत नाही. त्या पदवीवर सुई टोचता येत नाही आणि औषध लिहून देता येत नाही. मग तिचा उपयोग काय? एक उदाहरण घ्या. एका गल्लीतील लहान मूल जुलाबाने गळून गेले. डॉक्टर त्याला सलाईन लावतात, नर्स रात्रभर लक्ष ठेवते, मूल बरे होऊन घरी जाते. आठ दिवसांनी त्याच गल्लीतील दुसरे मूल येते, मग तिसरे. वॉर्डात ड्युटी करताना आम्ही हे अनेकदा पाहिले. पेशंट बदलायचा, पत्ता तोच असायचा. त्या पत्त्यावर काय बिघडले आहे, पाण्याचा पाइप गटारातून गेला आहे का, तो कोणी दुरुस्त करायचा, त्यासाठी पैसा कोणत्या खात्यात असतो आणि तो इथवर का येत नाही, हे शोधण्याचे शास्त्र म्हणजे सार्वजनिक आरोग्य. हाच शोध एका देशापुरता न ठेवता अनेक देशांचा मिळून घेतला की त्याला आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य म्हणतात.

मुंबईची गोदी आणि व्हेनिसची परिषद

आपल्या गल्लीतील जुलाबाचा आणि परदेशाचा काय संबंध, असे वाटेल. तो संबंध मुंबईच्याच इतिहासात दिसतो.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ पसरली. तिथून जहाजांच्या मार्गाने रोग बंदराबंदरांत फिरला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत गोदीजवळच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या आसपास माणसे दगावू लागली. हा प्लेग आहे हे पहिल्यांदा ओळखले ते मूळ गोव्याच्या डॉ. व्हिएगस यांनी. आता मुंबईतून निघालेली जहाजे प्लेग आपल्याकडे आणतील, या भीतीने युरोपातील सरकारे हादरली. १८९७ साली इटलीतील व्हेनिस शहरात केवळ प्लेगवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कोणती जहाजे अडवायची, यात्रेकरूंना कुठे थांबवायचे, याचे नियम तिथे ठरले. मार्च महिन्यात करारावर सह्या झाल्या.

त्याच मार्च महिन्यात, १० तारखेला, पुण्यात सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगने आजारी मुलाला उचलून त्यांनी डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले आणि त्यातच त्यांना रोगाने गाठले. प्लेग एकच होता. व्हेनिसमध्ये चिंता जहाजांची आणि व्यापाराची होती. महारवाड्यातील मुलाची चिंता सावित्रीबाईंना होती.

इकडे सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. घरांच्या झडत्या झाल्या, माणसांना उचलून छावण्यांत नेले. १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्तीत रोग वाढतो म्हणून ट्रस्टने गरिबांच्या चाळी पाडल्या, रुंद रस्ते काढले. मात्र पहिल्या वीसेक वर्षांचा हिशेब मांडला तर पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या कमी भरतात. ज्यांचे घर गेले ते शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहू लागले. आरोग्याच्या नावाने घर पाडतात, हे आपल्या लोकांना आज नव्याने सांगावे लागत नाही. साथरोग कायदा तर २०२० च्या कोरोनातही तोच वापरला गेला.

म्हणून आमचे म्हणणे असे, की आरोग्याचे नियम ठरतात त्या खोलीत कोण बसले आहे याला फार महत्त्व आहे. त्या खोलीत शिरायचा एक रस्ता या शिक्षणातून जातो.

हे शिक्षण सुरू झाले कोणासाठी, वळले कुठे

इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे १८९८ साली आणि लंडनमध्ये १८९९ साली उष्ण कटिबंधातील रोगांच्या शिक्षणसंस्था निघाल्या. वसाहतींत काम करणारे गोरे अधिकारी, व्यापारी आणि खलाशी हिवतापाने मरत होते, त्यांना वाचवणे हा त्यांचा पहिला हेतू. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १९१६ साली सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र शाखा काढली. भारतात १९३२ साली कोलकात्याला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ सुरू झाली. पुढे देश स्वतंत्र झाले, १९४८ साली जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली, आणि या संस्थांच्या वर्गांत आशिया-आफ्रिकेतील विद्यार्थी येऊन बसू लागले. ते आल्यावर प्रश्नही बदलले.

हा बदल किती मोठा होता ते दोन उदाहरणांवरून कळेल.

१९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. जॉन्स हॉपकिन्सच्या कोलकात्यातील संशोधन केंद्रात काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी पिंपात कालवून पेशंटला पाजायला सुरुवात केली. पाजण्याचे काम घरच्याच माणसांवर सोपवले. त्यावेळी पटकीने आजारी पडलेल्या शंभरातील सुमारे ३० माणसे दगावत होती. हे पाणी मिळालेल्यांत हा आकडा ४ च्याही खाली आला. आज आशाताई तुमच्या हातात ओआरएसची जी पुडी ठेवतात, तिच्यामागे हा अनुभव आहे.

दुसरे उदाहरण आपल्या नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधील जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला येऊन कामाला लागले. त्यांनी गावागावांतील बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील पुष्कळजणी निरक्षर होत्या, पुष्कळजणी दलित होत्या. ज्या बाईला गावाच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, तिच्याच हातून गावाची बाळंतपणे आणि मुलांची वजने होऊ लागली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातील अशा कामांवर पुस्तक काढले, त्यात जामखेड होते. १९७८ साली अल्मा-आटा परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली, तिच्यामागे अशा कामांचा अनुभव होता. पुढे परदेशातले विद्यार्थी शिकायला जामखेडला येऊ लागले.

वर्गात काय शिकवतात

पहिला विषय साथरोगशास्त्र आणि दुसरा संख्याशास्त्र. नावे जड आहेत, पण मुळातला विचार घरी समजेल असा आहे. समजा, पहिल्या गल्लीत टीबीचे २० पेशंट आहेत आणि दुसऱ्या गल्लीत १२. जास्त धोका कुठे? उत्तर द्यायची घाई करू नका, आधी माणसे मोजा. पहिल्या गल्लीत १,००० लोक राहतात, दुसरीत फक्त ३००. म्हणजे पहिलीत हजारी २० पेशंट आणि दुसरीत हजारी ४०. आकडा छोटा असूनही दुसऱ्या गल्लीत धोका दुप्पट आहे. अधिकाऱ्याकडे निवेदन घेऊन जाताना ‘आमच्याकडे खूप पेशंट आहेत’ म्हणणे वेगळे आणि ‘हजारी ४० आहेत, शेजारी २० आहेत’ म्हणणे वेगळे.

पुढची पायरी म्हणजे आकडा फोडणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. पण ही झाली सगळ्या देशाची सरासरी. त्यात कोणत्या जातीच्या, किती उत्पन्नाच्या, शहरातील की खेड्यातील, असे भाग पाडून बघायला हा अभ्यास शिकवतो.

आकडा जपून वाचायलाही तो शिकवतो. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन विमेन या संस्थेच्या २०१८ च्या अहवालात असे होते, की भारतात दलित स्त्रियांचे मृत्यूच्या वेळचे सरासरी वय ३९.५ वर्षे आणि वरच्या जातींतील स्त्रियांचे ५४.१ वर्षे. फरक १४.६ वर्षांचा. आपल्या सभांत हा आकडा नेहमी सांगितला जातो, आणि पुष्कळदा चुकीचा सांगितला जातो. दलित बाई ३९ वर्षेच जगते, असा त्याचा अर्थ नाही. मरण पावलेल्यांचे सरासरी वय काढले, की ज्या समाजात लहान मुले आणि तरुण जास्त, त्याचे सरासरी वय थोडे खाली येतेच. पण एवढ्याने १४ वर्षांची दरी सोडून देता येत नाही. पाणी, स्वच्छता आणि उपचार यांची कमतरता त्या अहवालानेच नोंदवली आहे. चुकीचा अर्थ सांगितला तर समोरचा एका वाक्यात आपले म्हणणे उडवून लावतो. बरोबर सांगितला तर त्याला उत्तर द्यावे लागते.

याशिवाय आरोग्याचे अर्थकारण, धोरण, पर्यावरण, पोषण, माता-बाल आरोग्य असे विषय असतात. घर आणि आजार यांचे नाते हाही त्यातलाच. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ साली पुढे आला. एकमेकींना खेटून उभ्या इमारती, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि अशा घरांत टीबी जास्त. झोपडीतून पक्क्या घरात नेले म्हणजे आरोग्य मिळाले असे होत नाही, खिडकी कुठे उघडते तेही बघावे लागते. आपल्या बायकांना हे आधीच माहीत होते. अभ्यासाने ते नकाशावर आणि आकड्यांत मांडले, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली.

शेवटी विद्यार्थ्याला स्वतः एक छोटे संशोधन करून प्रबंध लिहावा लागतो. वस्तीतून आलेल्या मुलीकडे इथे इतरांकडे नसलेली एक गोष्ट असते. कोणता प्रश्न विचारायला हवा, ते तिला ठाऊक असते.

प्रवेश कोणाला, किती वर्षे

एमपीएच ही पदव्युत्तर पदवी आहे, त्यामुळे आधी पदवी हवी. परदेशातील पुष्कळ विद्यापीठांत ती डॉक्टरकीचीच हवी असे नसते. नर्सिंग, दंतवैद्यक, फार्मसी, समाजकार्य, अर्थशास्त्र, विज्ञान यांचे पदवीधरही घेतात. काही ठिकाणी कामाचा अनुभव मागतात. मुलीने आमच्यासारखे जीएनएम केले असेल तर ती पदविका आहे, तेवढ्यावर सहसा प्रवेश मिळत नाही. आधी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करावे. ते नोकरीतही बढतीसाठी कामाला येते, म्हणजे वाया काही जात नाही.

भारतात हा अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा, इंग्लंडमध्ये एक वर्षाचा आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा असतो. इंग्रजीची आयईएल्टीएससारखी परीक्षा लागते, आणि बहुतेक विद्यापीठे ९ पैकी ६.५ किंवा ७ गुण मागतात. मराठी शाळेतील मुलीला हे अवघड वाटेल, पण वर्षभर रोज तास-दीड तास दिला तर जमण्यासारखे आहे. गणिताची भीती बाळगू नये. दहावीपर्यंतची टक्केवारी, सरासरी आणि गुणोत्तर पक्के असेल तर पुढचे तिथे शिकवतात.

हे शिक्षण परदेशातच मिळते असे नाही. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस, आहे. तिथेच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. ती १९५६ साली सुरू झाली, आशियातील इतर देशांचे विद्यार्थीही तिथे शिकतात आणि वर सांगितलेले राष्ट्रीय सर्वेक्षण तीच करते. तिरुवनंतपुरमला अच्युत मेनन केंद्र आहे, कोलकात्याची जुनी संस्था आहेच. प्रत्येक ठिकाणची पात्रता वेगळी असते, ती प्रवेशपुस्तिकेत वाचावी. आवड आहे की नाही हे आधी तपासायचे असेल, तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ व्यासपीठावरील सार्वजनिक आरोग्याचा एखादा अभ्यासक्रम मोबाइलवर मोफत करून पाहावा.

पैसा : शिष्यवृत्ती आधी, कर्ज नंतर

इंग्लंडमध्ये वर्षाची फीच २० लाख रुपयांच्या पुढे जाते, राहणे-खाणे वेगळे. एवढे कर्ज वस्तीतील घराने डोळे मिटून काढू नये. आपल्यासाठी दोन सरकारी वाटा आहेत.

पहिली केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. अलीकडच्या वर्षांत तिच्या १२५ जागा असून त्यातील ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत, आणि ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत आणि पदवीला ६० टक्के गुण, या तिच्या मुख्य अटी. दुसरी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, ७५ जागांची आहे आणि समाजकल्याण आयुक्तालय, पुणे यांच्यामार्फत दिली जाते. दोन्हींत फी, राहण्याचा भत्ता आणि विमानभाडे मिळते. दोन्हींत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून शेजारच्या मुलाने मागच्या वर्षी काय केले यावर न जाता चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी.

भारतात शिकायचे तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, अर्ज महाडीबीटीवर.

कागदपत्रांत आपली माणसे अडतात ती जातीच्या दाखल्यावर. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना केंद्रातही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले आहेत. केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तो पदवीच्या शेवटच्या वर्षालाच काढून ठेवावा. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, पासपोर्ट, सर्व गुणपत्रिका आणि दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे हीसुद्धा आधीच तयार असावीत. जाहिरातीची मुदत थोडी असते, आणि तहसील कचेरी आपल्या घाईने चालत नाही.

एजंट सांगणार नाही ते

‘ही पदवी घेतली की तिकडे नर्स म्हणून लागाल,’ असे कोणी म्हणाले तर उठून यावे. परदेशात नर्सिंगची नोंदणी ही वेगळी परीक्षा आणि वेगळी प्रक्रिया आहे. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये अशा शिकवणी-पदवीच्या विद्यार्थ्याला नवरा-बायको किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. लहान मूल असलेल्या मुलीने हे आधीच लक्षात घ्यावे. ‘अटींसह प्रवेश’ असे पत्र हातात आले म्हणजे प्रवेश झाला असे नाही. फी फक्त विद्यापीठाच्या खात्यात भरावी, एजंटच्या खात्यात कधीही नाही. भारतातील खासगी संस्थेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असेल तर त्या शब्दाला भुलू नये. पदवी कोणते विद्यापीठ देणार आणि त्याला यूजीसीची मान्यता आहे का, एवढे विचारावे.

नोकऱ्यांचेही खरे सांगतो. जिनिव्हातील जागतिक आरोग्य संघटनेत जागा मोजक्या असतात आणि अनेक वर्षांचा अनुभव मागतात. या पदवीवर बहुतेकांना काम मिळते ते राष्ट्रीय आरोग्य अभियानात, महापालिकेच्या टीबी किंवा लसीकरण कार्यक्रमात, संशोधन संस्थांत आणि स्वयंसेवी संस्थांत. पुष्कळ जागा कंत्राटी असतात. गडगंज पगाराच्या आशेने कोणी यात पडू नये. पण वॉर्डात कोणत्या गल्लीला आधी पाणी द्यायचे, फिरता दवाखाना कुठे थांबवायचा, सर्वेक्षणात जातीचा रकाना ठेवायचा की नाही, हे निर्णय याच टेबलांवर होतात. त्या टेबलाशी आज आपली मुले फार थोडी आहेत.

घरच्यांना एवढेच सांगणे, की एमबीबीएस हुकले म्हणून मुलीला पदवीनंतर लगेच थांबवू नका. मुलीने तयारी आजच सुरू करावी. आपल्या वस्तीत माणसे किती, नळ किती, संडास किती, गेल्या वर्षी टीबीचे पेशंट किती, हे एका वहीत लिहून काढावे. पेशंटची नावे लिहू नयेत, फक्त संख्या लिहावी. त्यासाठी कोणत्या विद्यापीठाची परवानगी लागत नाही. पुढे प्रवेश-अर्जात ‘तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे?’ असे विचारतात, तेव्हा ती वही समोर ठेवून उत्तर लिहावे.